सोपकेसमधला साबण: चार वड्या, आठ बाटल्या

मुलीने पुण्याहून माझ्या वाढदिवसाला साबण पाठवले. चार वड्या, प्रत्येकी 100 ग्रॅम, खोक्यासकट 720 रुपये. हिने किंमत वाचली आणि खोका माझ्याकडे सरकवला. "एकशे ऐंशीला एक वडी! तुम्हीच लावा. माझा हात नाही धजायचा."

मी सोलापुरात एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत 33 वर्षं सहायक होतो. द्रावणं करून ठेवायची, ब्युरेटच्या तोट्यांना व्हॅसलीन लावायचं, पोरांनी फोडलेल्या पिपेटांचा हिशोब ठेवायचा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी वस्तू हातात आली की आधी तपासायची आणि मग वापरायची ही खोड गेलेली नाही. शब्दांची खोड मात्र कॉलेजने नाही, गल्लीने लावली. आम्ही पूर्व भागात राहतो. उजव्या हाताला तेलुगू बोलणारं पद्मशाली घर, समोर कानडी, कोपऱ्यावरचे टेलर घरात उर्दू बोलतात. लहानपणी सार्वजनिक नळावर एकाच वडीला मी चार नावं ऐकली आहेत: सब्बु, साबूनु, साबून, साबण. भांडणं व्हायची ती पाण्यावरून. शब्दावरून कधीच नाही, कुणी काहीही म्हटलं तरी वडी बरोबर त्याच्या हातात यायची.

तर हे परीक्षण त्या खोक्याचं. साबण करणारी एक तरुण मुलगी आणि तिची आई, दोघी घरच्या घरी करतात. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती मी त्यांना परस्पर कळवलेली आहे.

खोका खाकी पुठ्ठ्याचा, आत कागदाच्या पट्ट्यांची गादी, प्रत्येक वडी बटर पेपरात गुंडाळून वर सुतळी. प्रत्येक वेष्टनावर एकेक शब्द, बोरूने काढल्यासारख्या अक्षरांत. पहिल्यावर 'साबून', खाली बारीक अक्षरात 'अरबी, अलेप्पोच्या धर्तीवर'. दुसऱ्यावर 'साव्हों', फ्रेंच, मार्सेलच्या धर्तीवर. तिसऱ्यावर 'सबाँव', पोर्तुगीज, खोबरेल तेलाचा. चौथ्यावर नुसतंच 'रिठा'. साबणाबरोबर शब्दही विकावा हे ज्याला सुचलं त्याचं मला कौतुक वाटलं. वड्यांच्या कडा हाताने कापल्यामुळे जराशा वाकड्या आहेत. काट्यावर ठेवल्या: 98, 101, 103, 97. चालतंय.

मग झाकणाच्या आतल्या बाजूचा मजकूर वाचला आणि तिथे घसरलो.

मजकूर असा: रोमजवळ सापो नावाचा डोंगर होता. तिथे देवाला प्राण्यांचे बळी द्यायचे. चरबी आणि राख पावसाबरोबर वाहत खाली टायबर नदीत यायची, तिथे धुणाऱ्या बायकांचे कपडे पांढरेशुभ्र निघायला लागले आणि डोंगराच्या नावावरून साबणाला नाव पडलं. गोष्ट गोड आहे. पण असा डोंगर रोमच्या आसपास कुणाला सापडलेला नाही. शिवाय रोमन लोक बळीचं मांस-चरबी डोंगरावर सोडून जाणारे नव्हते, देवाचा वाटा काढून ठेवला की बाकीची पंगत उठायची. आणि माझ्या धंद्याच्या बाजूने बोलायचं तर राखेचं पाणी आणि चरबी एकत्र करून तासन्‌तास उकळावं लागतं, तेव्हा कुठे साबण होतो. पावसाच्या सरीने उतारावर साबण होत असता, तर आखाडात आमच्याकडे प्रत्येक देवीच्या माळावर फेस दिसला असता.

खरी हकीकत जास्त गमतीची आहे. 'सापो' हा शब्द लॅटिनमध्ये लिहिलेला आढळतो तो प्लिनी या रोमन लेखकाकडे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा गेला, तोच हा. त्याने लिहून ठेवलंय की सापो ही गॉल लोकांची, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या टोळ्यांची, युक्ती. चरबी आणि राखेपासून करतात, बीच झाडाची राख आणि बोकडाची चरबी सगळ्यात चांगली. आणि कशासाठी? केस तांबडे करायला! जर्मन टोळ्यांत बायकांपेक्षा पुरुषच तो जास्त वापरतात, हेही त्याने बारकाईने नोंदवलंय. मी आमच्या न्हाव्याला हे सांगितलं. वस्तरा तसाच हातात धरून तो म्हणाला, "म्हणजे डाय की, सर." डायच. स्वतः रोमन लोक अंगाला तेल चोळायचे आणि धातूच्या वाकड्या खरडणीने मळासकट ते निपटून काढायचे. शब्दही लॅटिनचा घरचा नव्हे, उत्तरेकडच्या जर्मन टोळ्यांच्या बोलीतून उसना घेतलेला. जुन्या इंग्रजीत त्याच्याच नात्यातला एक शब्द झाडाच्या राळेसाठी वापरायचे, म्हणून 'ठिबकणारं ते' अशी मूळ कल्पना भाषाशास्त्रज्ञ लावतात. अंग धुण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

दुसऱ्या वेष्टनावर असंही लिहिलंय की फ्रेंच 'साव्हों' हा इटलीतल्या सावोना गावावरून आला. हेही सोडून द्या. लॅटिनमध्ये 'सापो'चं रूप चालवताना 'सापोनेम' होतं, ते झिजत झिजत 'साव्हों' झालं. गाव मध्ये आणायचं कारण नाही.

खरी हुज्जत झाकणावरच्या शेवटच्या ओळीशी. 'साबण हा शब्द मराठीला पोर्तुगिजांनी दिला.' हे आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलंय. पाव, बटाटा, चावी, पगार, या यादीच्या शेपटीला साबण लावलेला असतोच. पावाबद्दल वाद नाही, साबणाबद्दल आहे. गुरू नानकांचा काळ 1469 ते 1539. त्यांच्या जपजीत, म्हणजे शीख घरांत रोज पहाटे म्हटल्या जाणाऱ्या वाणीत, मळलेला कपडा साबणाने धुतला जातो असा दाखला आहे, आणि शब्द 'साबूण' असाच आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 मध्ये. मलबारच्या किनाऱ्यावर उतरलेला शब्द इतक्यात पंजाबातल्या साध्या माणसाला दाखला म्हणून कळण्याइतका घरचा होणं मला पटत नाही. तिकडे तो खुष्कीच्या वाटेने आला. अरबीत 'साबून', फारसीत 'साबून', आणि फारसी तर दिल्लीपासून बहमनी आणि आदिलशाहीपर्यंत दरबाराची भाषा होती. आमचा सोलापूरचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात चेंडूसारखा फिरत होता, तेव्हा दोन्हीकडच्या कारकुनांची फारसी एकच होती.

आता कुणी म्हणेल, शब्दातल्या 'ब'वरून कळत नाही का? नाही कळत, आणि हीच मला या शब्दातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. अरबीत 'प' हा उच्चारच नाही. ग्रीक 'सापोन' अरबांच्या तोंडात गेला आणि 'साबून' झाला. तिकडे पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या लॅटिन 'प'चा आपोआप 'ब' झाला, म्हणून 'सापोनेम'चा 'सबाँव'. दोन घरं वेगळी, कारणं वेगळी, आणि दोघांकडून निघालेला माल सारखाच. कोकणच्या किनाऱ्यावर सबाँव नक्कीच कानावर पडला असणार, घाटावर साबून. माझं मत विचाराल तर पाहुणा दोन्ही दारांनी आत आला, आणि घरात येऊन बघतो तर दोन्हीकडून आलेला तो एकटाच.

ज्यांनी 'प' सोडला नाही तेही नातेवाईकच. इंग्रजी सोप, हंगेरियन सप्पान, फिनिश साइप्पुआ. जर्मनांनी त्याचा 'फ' करून झाइफे केला. फिनिशमध्ये साबण करायच्या कॉस्टिक सोड्याला साबणदगड म्हणत, आणि तो दगड विकणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एकच लांबलचक शब्द आहे, 19 अक्षरांचा, त्यांच्या लिपीत उलटा वाचला तरी तोच. विकणारे किती उरलेत देव जाणे, पण शब्द जपून ठेवलाय. आमच्या न्हाणीघरात हिरव्या प्लास्टिकची सोपकेस आहे. सोपकेसमध्ये साबण. हा संच आल्यापासून मला ती रोज दिसते आणि हसू येतं. 'प'वाली शाखा खाली, 'ब'वाली शाखा वर, दीड-दोन हजार वर्षांनी एका डबीत भिजत पडलेत.

पोर्तुगीज पुढे पूर्वेला गेले. थायलंडमध्ये सबू ठेवून आले, जपानमध्ये शाबोन. जपानी माणूस आज अंगाच्या साबणाला सेक्केन म्हणतो, पण साबणाच्या फुग्याला अजून शाबोनदामाच म्हणतो. वडी गेली आणि फुगा राहिला. मलाय आणि इंडोनेशियन लोकांनी अरबांकडून साबून घेतला, स्वाहिलीत साबुनी झाला, व्हिएतनामने फ्रेंचांकडून साव्हों घेऊन आपल्या पद्धतीने मोडला. मी हे शेजारच्या अक्कांना सांगत होतो. थायलंडचा सबू ऐकून त्या म्हणाल्या, "मग आमचाच की तो." हिचा प्रश्न वेगळाच. "म्हणजे साबुदाण्यात पण साबण?" एकादशीच्या दिवशी विचारला. नाही. साबुदाण्यातला साबू हा मलाय 'सागू'चा, सागू ताडाच्या खोडातल्या पिठाचा. आपण उपासाला खातो तो तर तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून होतो. त्या दोन साबूंची गाठ फक्त आपल्या जिभेवर पडते.

पुरे झाले शब्द. आता वड्या.

'साबून' मी पहिली काढली. सीरियातल्या अलेप्पोचा खरा साबण ऑलिव्हचं तेल आणि लॉरेलच्या फळांचं तेल यांचा. लॉरेल म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे, त्याच कुळातलं भूमध्य समुद्राकडचं झाड. हिवाळ्यात मोठ्या कढईत उकळायचा, जमिनीवर ओतायचा, कापायचा आणि मग मनोरे रचून महिनोन्‌महिने वाळवायचा. वरून सोनेरी-तपकिरी होतो, आतून हिरवाच राहतो. ही कारागिरी 2024 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, आणि त्याच वर्षी पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा साबणही. पुण्याची वडी सहा आठवडे वाळवलेली आहे, तसं प्रामाणिकपणे छापलंय. म्हणून ती बाहेरूनही हिरवीच आहे. वास पहिल्या दिवशी काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्यासारखा, चार दिवसांनी सवय होते. फेस कमी, जाडसर, दुधाळ. पण अंग धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटत नाही, आणि माझ्या वयाला फेसापेक्षा ते महत्त्वाचं. वडी घट्ट आहे, भिजून चिखल होत नाही.

'साव्हों'ने निराशा केली, आणि माझी तक्रार मुख्यतः हीच. मार्सेलच्या साबणाला चौदाव्या लुईच्या काळात, 1688 मध्ये सरकारी हुकुमाने नियम घालून दिले: तेल ऑलिव्हचंच, प्राण्याची चरबी चालणार नाही. पुढे त्या ठोकळ्यांवर 72 टक्के असा ठसा येऊ लागला. या वडीवरही झोकात '72' उमटवलंय. आणि वेष्टनाच्या मागे घटक वाचावेत तर आधी खोबरेल, मग पाम तेल आणि तिसऱ्या क्रमांकाला ऑलिव्ह. मग मार्सेल कशाला म्हणायचं? दुसरं म्हणजे 72 हा आकडा साबणातल्या तेल-चरबीच्या प्रमाणाचा. आपल्याकडे किराणा दुकानातल्या वडीवर बारीक अक्षरात टीएफएम छापलेलं असतं, ते साधारण हेच. भारतीय मानकात अंगाच्या साबणाला पहिली प्रत मिळायला 76 टक्के लागतात, 70 पासून दुसरी प्रत. म्हणजे फ्रान्समध्ये अभिमानाने ठोकायचा आकडा आपल्याकडे सेकंड क्लास! बाकी वडी मऊ आहे. सहाव्या दिवशी सोपकेसच्या जाळीतून खाली उतरायला लागली.

'सबाँव' म्हणजे निव्वळ खोबरेल. फेस बघून नातू न्हाणीतून बाहेर येईना. खोबरेल तेलाला कॉस्टिक सोडाही सगळ्यात जास्त लागतो, एक किलोला साधारण 183 ग्रॅम. ऑलिव्हला 135 च्या आसपास. या तेलाचा साबण समुद्राच्या खाऱ्या पाण्यातसुद्धा फेसतो, म्हणून जहाजांवरचे लोक तोच न्यायचे. त्या हिशोबाने पोर्तुगिजांचं नाव याच वडीला द्यावं हे मात्र बरोबर जमलंय, त्यांना माहीत असो वा नसो. दोष एकच. हिवाळ्यात हातपाय पांढरे पडतात. माझ्या मुलीने फोनवर सांगितलं की साबणवाल्यांनी थोडं तेल जास्तीचं सोडलंय, सोड्याने सगळं खाऊ नये म्हणून. सोलापूरच्या कोरड्या हवेला अजून थोडं सोडलं असतं तर बरं झालं असतं.

'रिठा' वडीकडून मला सर्वांत जास्त आशा होती. त्याचं कारण पुन्हा शब्दच. रिठ्याच्या झाडाचं शास्त्रीय नाव सॅपिंडस. लिनिअसच्या 1753 च्या ग्रंथात ते आहे. 'सापो' आणि 'इंडिकस', म्हणजे भारताचा साबण. आमच्या प्रयोगशाळेत सॅपोनिनची, म्हणजे रिठ्यातल्या फेस आणणाऱ्या द्रव्याची, बाटली असायची, ते नावही 'सापो'वरून. म्हणजे केस रंगवणाऱ्या टोळ्यांचा शब्द फिरत फिरत आपल्या रिठ्याच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि रिठ्याला त्याची गरजच नव्हती. संस्कृतात त्याला अरिष्टक म्हणत, त्याचाच झिजून रिठा झाला. दुसरं नाव फेनिल. याहून नेमकं नाव काय द्यायचं? उलट दिशेने आपण इंग्रजांना शॅम्पू दिला. हिंदीतलं 'चाँपो', म्हणजे दाबा, चोळा. आपलं पाय चेपणं त्याच घरचं. पाटण्याकडचा शेख दीन मुहम्मद इंग्लंडात ब्रायटनला गेला आणि त्याने लोकांना चंपी करून देणारी न्हाणीघरं काढली, राजालासुद्धा चंपी केली. त्या चोळण्याचं नाव पुढे बाटलीला लागलं.

तर ही वडी. रिठ्याची पूड जाडसर आहे, अंगाला काचते. पाठ खाजवायला चांगली, तोंडाला लावू नका. साबणात रिठा कशाला, हे मला पहिले चार दिवस कळलं नाही. हिचे इरकलीचे दोन जुने लुगडे आणि सोन्याच्या पाटल्या आजही रिठ्यानेच धुतल्या जातात, त्यासाठी 40 रुपयांची पुडी पुरते. वेगळी वडी हवी कशाला?

म्हणून बाटल्या काढल्या.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधल्या दिवसांत बोअर. निवृत्तीच्या आधी शेवटच्या वर्षी मी दोन्ही पाण्यांचं टायट्रेशन केलं होतं, म्हणजे थेंब थेंब द्रावण घालून त्यातले क्षार मोजले होते. नळाचा जडपणा लिटरला 180 मिलिग्रॅम, बोअरचा 540. पिण्याच्या पाण्याला 200 पर्यंत चांगलं म्हणतात, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आठ घेतल्या. चारांत नळाचं 100 मिलिलिटर, चारांत बोअरचं. प्रत्येकीत एकेका वडीचा पाव ग्रॅम कीस. दहा वेळा हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं, मग फेस बोटांनी मोजायचा. हा काही माझा शोध नव्हे. एडीटीए हे रसायन येण्याआधी पाण्याचा जडपणा असाच मोजत, साबणाचं ठरावीक द्रावण थेंब थेंब घालून, फेस टिकेपर्यंत. 1840 च्या दशकात क्लार्क नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ती रीत घालून दिली. साबण तेव्हा मापच होता.

नळाच्या पाण्यात: सबाँव तीन बोटं, साव्हों दोन, रिठा दोन, साबून एक. बोअरच्या पाण्यात: सबाँव जेमतेम अर्धं बोट. साव्हों शून्य. साबून शून्य, वर नासलेल्या दुधासारखा चोथा. एकशे ऐंशीची वडी आणि पाण्यातल्या कॅल्शियमने ती अशी फस्त केली. हिशोब मांडला. बोअरचं बादलीभर, 15 लिटर पाणी पूर्ण फेसाळवायचं ठरवलं, तर फेसाचा पहिला बुडबुडा यायच्या आधी 45 ग्रॅम साबण नुसता चोथ्यात जातो. अंदाजे 80 रुपये. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात. पोरं पाठ करायची आणि विसरायची. मला तो शब्द कायम आवडत आलाय. दुष्ट माणसासारखं दुष्फेन पाणी.

आठवी बाटली रिठ्याची, बोअरच्या पाण्यातली. तिच्यात एक बोट फेस होता. आणि पाच मिनिटांनीही होता. मग मी नववी भरली, नुसतं रिठ्याचं पाणी आणि बोअर. नळाच्या पाण्यात जेवढा फेस येतो तेवढाच आला, सूतभर कमी नाही. कारण सॅपोनिनला कॅल्शियमशी देणंघेणं नाही, ते चोथा धरत नाही. म्हणजे या वडीत रिठा का घालायचा हे साबण करणाऱ्या मायलेकींनी छापलं नसलं तरी उत्तर आमच्या बोअरने दिलं. हिला बाटली दाखवली. ती म्हणाली, "हे आम्हाला सासूबाईंनी बाटलीशिवाय सांगितलं होतं."

तुकोबांची ओळ सगळ्यांना ठाऊक आहे: नाहीं निर्मळ जीवन, काय करील साबण. ही कीर्तनात ऐकताना मी 'जीवन' म्हणजे आयुष्य असंच समजत आलो. आयुष्य स्वच्छ नसेल तर साबण काय करणार. पण पुढच्या ओळीत 'तैसें' येतं, तसंच चित्त शुद्ध नसेल तर उपदेश काय करणार. म्हणजे पहिल्या ओळीत आयुष्य नाही, दाखला आहे. जीवन म्हणजे पाणी! पाणीपुरवठा योजना करणारं सरकारी खातं 'जीवन प्राधिकरण' म्हणवतं, तेच जीवन. सतराव्या शतकात देहूच्या माणसाने साबण हातात घेऊन वाईट पाण्यात चोळून बघितलेला आहे, फेस येत नाही हे पाहिलेलं आहे, आणि ऐकणाऱ्यांनीही ते पाहिलंय हे त्यांना माहीत आहे. साबण हा शब्द तेव्हा मराठीत नवाईचा असता तर तो दाखला म्हणून चालला नसता. क्लार्कच्या दोनशे वर्षं आधीचं आहे हे.

त्या दुकानाला मी सविस्तर निरोप पाठवला. डोंगर काढा, सावोना काढा, पोर्तुगिजांच्या ओळीत 'अरबी-फारसीतून आणि पोर्तुगीजमधूनही' असं करा, आणि साव्हों वडीवरचं 72 एकतर खरं करा किंवा पुसा. शेवटी रिठ्याच्या वडीबद्दल नऊ बाटल्यांचा फोटो. दोन दिवस उत्तर नाही. मला वाटलं, म्हातारा फार बोलतोय म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी त्या मुलीचं उत्तर आलं. "काका, डोंगराची गोष्ट मी नेटवरून उचलली, चूक झाली. 72 चा शिक्का तयार आणला होता, चांगला दिसतो म्हणून मारला. जड पाण्याचं आम्हाला माहीतच नव्हतं, आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं." हे शेवटचं वाक्य वाचून माझा राग गेला. ज्याच्या घरी मऊ पाणी येतं त्याने जगभरचे साबण करावेत.

पाचपैकी किती? साबूनला चार, पण बोअरवाल्यांनी घेऊ नये. सबाँवला चार, उन्हाळ्यात साडेचार. साव्होंला दीड. रिठा वडीला पूड बारीक चाळून घातली तर चार, आज आहे तशी तीन. खोक्याच्या कल्पनेला पाच, झाकणाच्या मजकुराला एक. 720 रुपये भेट म्हणून ठीक, स्वतःच्या खिशातून मी दर महिन्याला घालणार नाही.

तरी मागच्या आठवड्यात मी पुन्हा मागवला, सुट्या वड्या: दोन सबाँव, एक साबून, आणि अक्कांसाठी एक रिठा, त्यांच्याकडेही बोअरच आहे. पार्सल काल आलं. झाकणं आधीची छापून पडलेली असणार, कारण मजकूर तोच होता, डोंगर, टायबर, धुणाऱ्या बायका. फक्त त्यावर काळ्या मार्करने पट्टीशिवाय एक तिरकी रेघ मारली होती आणि बाजूला बॉलपेनने लिहिलं होतं: 'हे वाचू नका. नवीन छापतोय.' अक्कांनी वडीचा वास घेतला, वेष्टन मला परत दिलं आणि विचारलं, "सब्बु असा कुठं लिहिलाच नाही की ह्यांनी?"